पंचाची नजर

सव्विसाव्या वर्षी मी आमच्या मंडळीचा पंच झालो. देहूरोडला लष्कराच्या डेपोत मी कारकून होतो. आम्हा पंधरा-वीस ख्रिस्ती घरांची उपासना कॅम्पातल्या एका रिकाम्या बराकीत, सतरंजीवर बसून व्हायची. पाळकसाहेब पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे, एरवी सगळा कारभार दोन पंचांकडे. दुसरे पंच म्हातारे होते, कानाने अधू आणि स्वभावाने भिडस्त. म्हणजे कारभार माझ्याकडेच होता. मला निवडलं ते माझं वाचन खणखणीत होतं आणि मी न अडखळता लांबलचक प्रार्थना करायचो म्हणून. एवढ्यावर माणूस आत्म्याने मोठा झाला असं मंडळीला वाटलं, आणि मला तर वाटलंच वाटलं.

आमच्यात एक रीत होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, आधीच्या आठवड्यात पंचांनी घरोघर जायचं आणि विचारायचं, कोणाशी अबोला आहे का, मनात काही सलतंय का. असेल तर ते मिटवूनच रविवारी भाकरीला हात लावायचा. हेतू चांगला होता. मी मात्र फौजदारासारखा फिरायचो. कोणाच्या दारात पणती लागली, कोणाच्या उशाला तंबाखूची चंची आहे, सगळं ध्यानात ठेवायचो. मला पाहून बायका पदर सावरायच्या, पुरुष हातातली विडी लपवायचे. त्यालाच मी अधिकार समजत होतो.

मंडळीत एक सुईण होत्या. पन्नाशीच्या, मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या. नवरा डेपोत माळी. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. आसपासच्या गावांतून बैलगाडी येऊन दारात उभी राहिली की त्या समोरच्या ताटावरून उठायच्या. एका रविवारी त्या चिखलीहून थेट उपासनेला आल्या. हातात ओटीचा खण-नारळ आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. आमच्या बायका कुंकू लावत नसत. आज्या-पणज्यांनी ख्रिस्ती होताना ते सोडलं होतं, आणि ते सोडणं हीच आमची ओळख होती. मी दारातच आडवा आलो.

“मावशी, हे काय?”

“बाळंतिणीनं निघताना लावलं.”

“मग पुसलं का नाही?”

“तिच्याच दारात पुसू?”

“वाट काय थोडी होती?”

“दोन दिस डोळ्याला डोळा न्हाई, बाबा. ध्यानात न्हाई राहिलं.” असं म्हणून त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

तिथे मी थांबायला हवं होतं. पण सगळी बराक बघत होती आणि मला ते आवडत होतं. मी म्हणालो, मंडळीसमोर उभं राहून पाप कबूल करा. त्या म्हणाल्या, “पुसायचं राहिलं, हे म्हणते. पाप केलं असं वाटत न्हाई, तर देवाच्या घरात खोटं कसं बोलू?”

मग कबूल कराल तोवर प्रभुभोजन नाही, असं मी जाहीर केलं. पाळकसाहेबांपुढे प्रकरण इतकं रंगवून मांडलं की त्यांनीही मान डोलावली.

मला वाटलं होतं, त्या भांडतील, नाहीतर यायच्या बंद होतील. दोन्हींतलं काहीच झालं नाही. पाच महिने त्या आपल्या जागी बसत राहिल्या. आमच्याकडे भाकरीचं ताट हातोहात पुढे सरकायचं. त्यांच्यापाशी आलं की त्या ते दोन्ही हातांनी धरायच्या, डोळे मिटायच्या आणि शेजारणीला द्यायच्या. प्रभुभोजनाचा रस मनुका उकळून त्याच करायच्या. ते कामही त्यांनी सोडलं नाही. त्यांच्या चुलीवरचा रस आम्ही सगळे प्यायचो, त्या सोडून. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

डेपोत माझ्याबरोबर चिखलीचा एक शेतकरी गडी हमालीला होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यापाशी आला. “राव, तुमी त्या सुईणबाईंच्यातलेच ना? बाई परगावी गेल्यात आन् पोर तापलीय. आई म्हणती, त्यांच्यातलं कुणी येऊन दोन शब्द म्हणल तर बरं.”

संध्याकाळी मी गेलो. अंगणात खाटेवर पोरीला घेऊन तिची आजी बसली होती. मी उभ्यानेच भरघोस प्रार्थना केली. पंधरा मिनिटं तरी झाली असतील. माझं आटोपल्यावर आजी भिडेने म्हणाली, “लई चांगलं म्हणला. पर बाई थोडंच म्हणत्यात. आधी पोरीला मांडीवर घेत्यात.”

मी पोरीच्या अंगाला हातही लावला नव्हता.

मग आजीच बोलत राहिली. सुनेची आधीची दोन मुलं जगली नव्हती. ही पोर जगली, म्हणून सुईणबाईला निघताना ती कुंकू लावायला गेली. “बाई म्हणल्या, आमी लावत न्हाई. झालं! सून रडाया लागली. तिला वाटलं, आता ही बी जाती. मंग बाईंनी तिचं डोस्कं उराशी धरलं, त्यांच्या देवाचं नाव घेतलं, म्हणल्या, पोर त्याची हाय, तो राखंल. आन् मंग कपाळ पुढं केलं. लाव म्हणल्या, तुझी भीती जाऊ दे.”

मी निघालो. घरी पोचेपर्यंत एकच गोष्ट डोक्यात होती. पुसलं का नाही, हे मी विचारलं होतं. लावू का दिलं, हे विचारलंच नव्हतं.

मावशी परत आल्या तसा त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, “तुम्ही हे सांगितलं का नाही?” त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “घाबरलेल्या बाळंतिणीची गोष्ट चारचौघांत कशाला? आन् तुला ऐकायचं कुठं होतं?”

पुढच्या प्रभुभोजनाला मी मंडळीसमोर उभा राहिलो. एरवी शब्दांना तोटा नसलेला मी चार वाक्यांत संपलो. चूक माझी, मावशींची नव्हे, मी त्यांची माफी मागतो, मला पंच ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ताट फिरलं. मावशींनी पाच महिन्यांनी भाकरीचा तुकडा घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. मंडळीने मला पंच ठेवलं.

मला वाटलं, आपण सुधारलो. मग एका रविवारी मावशी पुन्हा कुठल्याशा गावाहून थेट आल्या. कपाळावर कुंकू. मी दारातच होतो. मी बाजूला झालो, हसून सलाम केला. त्या उंबऱ्याशी थांबल्या आणि पदराने कपाळ पुसू लागल्या.

“राहू द्या, मावशी,” मी म्हणालो. “आता कोणी काही म्हणणार नाही.”

“माझ्यासाठी न्हाई पुसत, बाबा,” त्या म्हणाल्या. “तुझी नजर अजून तिथंच जाते. प्रार्थनेत तुझं चित्त राहायला पाहिजे.”

मी खरोखरच तिथे बघत होतो.