ला व्हिओलेतापासून शंभर मीटर

एरेदिया गावात घराला नंबर असला तरी तो कुणी विचारत नाही. मिसाएल उमान्या यांचा पत्ता होता, ला व्हिओलेतापासून शंभर मीटर पूर्वेला आणि पाऊणशे दक्षिणेला. ला व्हिओलेता हे किराण्याचं दुकान पाडून तिथे पार्किंग झालं, त्याला एकोणीस वर्षं उलटली. विजेच्या बिलावर पत्ता अजून तोच आहे. गावाला पाठ आहे, म्हणून बदलायचं कुणाच्या मनातही येत नाही.

मिसाएलनी एकतीस वर्षं याच गल्ल्यांत टपाल वाटलं. निवृत्तीनंतरही सकाळचा फेरा चुकवला नाही. मग बायको लिहिया गेली, आणि हा माणूस खुर्चीत बसला तो बसलाच. वर्षभरात एकेक नाव निसटायला लागलं. एकदा पाव आणायला म्हणून बाहेर पडले आणि त्या पार्किंगपुढे तीन तास उभे राहिले. दुकानच दिसेना, तर शंभर मीटर मोजायचे कुठून? मुलगी सिनिया हिचं धाबं दणाणलं. तिने दाराला कुलूप लावलं. मायेपोटी लावलं हे खरं, पण कुलूप ते कुलूपच.

रोज संध्याकाळी कॉफी पुढ्यात आली की ते विचारायचे, "लिहिया कुठाय?"

"बाजारात गेलीय, पापा."

सुरुवातीला तिने खरं सांगितलं होतं. बातमी आत्ताच कानावर यावी तसे ते रडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. बापाला रोज नव्याने विधुर करणं तिला जमेना. बाप परत मिळावा एवढंच तिला हवं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पत्ता विचारला. मिसाएलनी तो खडाखडा सांगितला. बाईंनी कागदावर उत्तर चुकल्याची खूण केली.

"तिथे तर पार्किंग आहे," त्या म्हणाल्या.

"अहो, आमचा पत्ता तोच आहे," सिनिया म्हणाली. "मला विचारलंत तर मीही तोच सांगेन. माझीही तपासणी करणार का?"

बाई हसल्या आणि त्यांनी खूण खोडली. "चालतात किती?"

"चालत नाहीत. कुलूप असतं."

"एकतीस वर्षं चाललेल्या माणसाला कोंडून ठेवलंत? पाय थांबले की डोकंही मंदावतं. रोज पाऊण तास चालवा, थोडा दम लागेल असं. पूर्वीसारखे होतील असा शब्द मात्र मी देत नाही."

सिनियाला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना बाहेर काढलं, तर मिसाएल अडून बसले.

"टपाल नाही, काही नाही. रिकामटेकडा हिंडतोय म्हणतील लोक."

मग तिने पिशवीत जुनी वर्तमानपत्रं भरून त्यांच्या खांद्याला अडकवली. आता ते निघाले, आणि असे निघाले की मागे राहून तिलाच धाप लागली. तिसऱ्या महिन्यात दारं ओळखीची व्हायला लागली.

"हे सोलीसचं घर. याचा कुत्रा मला दोनदा चावला. मालकाने एकदा तरी माफी मागावी? नाव नको."

संध्याकाळचा प्रश्नही मधूनमधून चुकायला लागला. सिनियाला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली. डोकं ताळ्यावर आलं तर त्यात काय काय परत येईल, हे तिला कळत होतं.

पाचव्या महिन्यात एका सकाळी ते पार्किंगपुढे थांबले. बराच वेळ बघत राहिले.

"ला व्हिओलेता पाडली की."

"हो पापा. एकोणीस वर्षं झाली."

"आणि तुम्ही अजून तिथूनच मोजता? बावळट लेकाचे."

ती हसली. ते हसले नाहीत.

"लिहिया बाजारात नाहीये."

अजूनही खोटं बोलता आलं असतं. सिनियाची जीभ उचलेना.

"नाही, पापा. मागच्या वर्षी मार्चमध्ये गेली."

"मी होतो?"

"तिचा हात तुमच्याच हातात होता."

मिसाएल कठड्याला धरून रडले. लोक बघत पुढे जात होते. कशाला चालवलं मी यांना, असं सिनियाला तेव्हा मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉफी ठेवून ती प्रश्नाची वाट बघत उभी राहिली. मिसाएलनी पेला दोन्ही हातांत धरला.

"रोज रोज खोटं बोलताना तुला फार जड गेलं असेल, पोरी."

सिनिया त्यांच्या शेजारी बसली, आणि दीड वर्षात पहिल्यांदा बापासमोर आईसाठी रडली.