पलटणीच्या बँडचे अठरा कोट

आमचा नागेश माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. त्याला शिवणकाम शिकवलं मामानं, पण दुबईला आणला मी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्याचं श्रेय घ्यायला आता लई लोक पुढं यायला लागलेत.

मी स्वतः आठवी. जबल अलीला बस चालवतो, चौदा वर्षं झाली, एक फाइन नाही. नागेश दहावी नापास. आमचं गाव कवठेमहांकाळ. तिथं मामाचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक म्हणजे सगळे लग्नातले बँडवाले. लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर झुपके. नागेशनं अकरा वर्षं तेच शिवलं. मग मी त्याला इकडं ओढला आणि अल मनखूलला कमरुद्दीनचाचांच्या अल्टरेशनच्या दुकानात चिकटवला. चाचा रत्नागिरीचे. दुकान एवढं छोटं की गिऱ्हाईक आत आलं की चाचांना बाहेर यावं लागतं.

नागेशचा स्वभाव एका वाक्यात सांगतो. तोंडात कायम टाचण्या. त्यामुळं बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून लोक त्याला हेल्पर समजतात. त्याच्या कागदावरही तेच छापलंय, हेल्पर. पंधरा वर्षं कात्री चालवणारा माणूस कागदावर हेल्पर, आणि ज्याला काज आणि बटण यातलं आधी काय करतात ते माहीत नाही तो मास्टर.

आता हे मास्टर कोण ते सांगतो. इथं शिंप्यांचं एक गिल्ड आहे. म्हणजे शिंप्यांचं म्हणतात. आत सगळे सुटाच्या मोठ्या दुकानांचे मालक. कोटाला सोन्याच्या पाण्याचं छोटं अंगुस्तान, म्हणजे शिंप्याची बोटातली टोपी, लावतात, पिन म्हणून. खरं अंगुस्तान बोटात घालून सुई टोचल्याला त्यातल्या निम्म्या लोकांना वीस वर्षं झाली असतील. अध्यक्ष राहुल सरनाईक. माणूस आपला, मराठी, पण आमच्याशी इंग्रजीत बोलतो. लिफ्टमधे एकटा असला तर मराठीत बोलतो, तेही मजला विचारायला.

या गिल्डचं एका पलटणीच्या बँडशी नातं आहे. पलटणीचं नाव लिहीत नाही, फौजेच्या गोष्टी आपण लिहू नयेत. नातं म्हणजे फ्रेममधे लावलेला एक कागद, खाली दोन सह्या. वर्षातून एकदा मोठं जेवण. पलटण गिल्डला ढाल देते, गिल्ड पलटणीला ढाल देतं. फोटो निघतो. मग दोन्ही ढाली वर्षभर धूळ खातात. यंदा मात्र सरनाईकसाहेबांना उमाळा आला. म्हणाले, दोन डिसेंबरला नॅशनल डेच्या परेडला आमच्या बँडला आम्ही कोट शिवून देणार. बँड आता त्यांचा झाला होता.

त्याच सुमाराला चाचांच्या बिल्डिंगला नोटीस आली. डिसेंबरात खाली करा, नूतनीकरण आहे. चाचा म्हणाले, "खलास. मी चाललो रत्नागिरीला, नातवंडांत बसतो. नागेशा, तू काय करशील?"

नागेशला जबल अलीत एका युनिफॉर्मच्या कारखान्यात कटरची जागा दिसत होती. तिथल्या मॅनेजरनं त्याचं काम बघितलं, मान डोलावली आणि एकच गोष्ट मागितली. गिल्डचा मास्टर असल्याचा कागद. नोव्हेंबर अखेरपर्यंत आण, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. कागद नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर परत कवठेमहांकाळ. आणि तिथं आता बँडवाले तयार कोट मागवतात, मोबाइलवरून.

नागेशनं गिल्डकडं आधी तीन वर्षांत तीनदा अर्ज केला होता. फी पाचशे दिरहम, म्हणजे आपले बारा हजार, प्रत्येक वेळी. तिन्ही वेळा रिग्रेट. कारण काय तर अनुभवाच्या रकान्यात त्यानं खरं लिहिलं होतं, 'लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट'. मी म्हटलं, "अरे, 'सेरेमोनिअल युनिफॉर्म' लिही की." तर म्हणतो, "दादा, ते बँडवालेच होते."

असा हा माणूस.

नोव्हेंबरच्या दहा तारखेला कोटांची ट्रायल होती. गिल्डची माणसं कॅम्पवर न्यायला बस आमच्या कंपनीची, ड्रायव्हर मी. गेटवर सगळ्यांचे फोन काढून घेतले. सरनाईकसाहेब कासावीस झाले, आता सेल्फी कशानं काढणार? मी बस लावली आणि मैदानाच्या कडेला सावलीत उभा राहिलो.

अठरा जण रांगेत उभे. बॅगपाइपवाले. काखेत चामड्याची पिशवी दाबायची, तोंडानं हवा भरायची आणि बोटांनी वाजवायचं, तो प्रकार. कोट काय दिसत होते म्हणून सांगू! गडद हिरवे, कमरेत असे बसलेले की मॉडेल झक मारतील. सरनाईकसाहेब बँडमास्टरला सांगत होते, "स्लिम फिट. लेटेस्ट."

बँडमास्टर सालेमसाहेब, धिप्पाड गडी, आपली मोडकीतोडकी हिंदी बोलणारा. त्यानं हात वर केला. अठरा जणांनी छाती भरून श्वास घेतला, पिशवी काखेत दाबली आणि टर्रर्र. पहिला आवाज बॅगपाइपचा नव्हता, बगलेचा होता. मग दुसरी बगल, मग तिसरी. एक बटण उडून सरनाईकसाहेबांच्या बुटावर पडलं. अठरापैकी अकरा कोट डाव्या बगलेत उसवले आणि उरलेले सात जण घाबरून वाजवायचेच थांबले.

सालेमसाहेब म्हणाले, "मिस्टर सरनाईक, हमारा जवान साँस भी लेता है."

गिल्डच्या मास्टर लोकांनी माप कसं घेतलं होतं? जवानांना सावधान उभं करून. हात खाली, पोट आत, तोंड बंद. परेडला पुतळे उभे करायचे असते तर कोट एक नंबर होते.

परतीच्या प्रवासात बसमधे सगळे उपाय मोजत होते. नवीन कापड मागवावं तर तो हिरवा रंग खास रंगवून घेतलेला, यायला सहा आठवडे. परेड तीन आठवड्यांवर. कोटाच्या आत शिवणीला माया सोडली असती तर उसवून सैल करता आलं असतं. पण स्लिम फिटवाल्यांनी माया पाव इंचसुद्धा ठेवली नव्हती.

मी आरशातून बघत गाडी चालवत होतो. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, माझा भाऊ करील."

"यू आर द ड्रायव्हर, राइट?"

"हो. आणि त्याचा भाऊ."

दुसऱ्या दिवशी सरनाईकसाहेब चाचांच्या दुकानात. सूट, अंगुस्तानाची पिन, कपाळावर घाम. चाचा बाहेर आले, साहेब आत गेले. नागेशनं फाटका कोट उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं, टाचण्या तोंडातून काढल्या. म्हणजे बोलणार.

"साहेब, माप वाजवताना घ्यायला पाहिजे होतं. हवा भरल्यावर छाती दोन-अडीच इंच वाढते. आणि डावा हात पिशवीवर असतो, म्हणून डावी बगल वेगळी कापायची. आमच्याकडं पिपाणीवाल्याच्या हातात पिपाणी दिल्याशिवाय टेप लावत नाहीत."

"कॅन यू फिक्स इट?"

"डाव्या बगलेत कळी घालतो. म्हणजे जादा कापडाचा तुकडा, हात खाली असला की दिसणार नाही. बटणं अर्धा इंच सरकवतो. पण कापड ह्याच रंगाचं पाहिजे."

"देअर इज नो फॅब्रिक!"

"आहे की साहेब. तुमच्या ऑफिसात काचेच्या कपाटात एकोणिसावा कोट आहे. परवा अर्जाचं विचारायला आलो तेव्हा बघितला."

तो कोट गिल्डनं स्वतःच्या शोभेसाठी शिवला होता. खाली पितळी पाटी, पाटीवर सरनाईकसाहेबांचं नाव. साहेब एकदम मराठीत आले. "अहो, तो हेरिटेज पीस आहे!"

चाचा बाहेरून म्हणाले, "किती जुना हो?"

"दोन आठवडे."

"माशाल्ला. मग जपून कापू."

मी नागेशला बाजूला ओढलं. "आधी कागद माग. कात्री लावायच्या आधी. हाच चान्स आहे."

"दादा, आधी कोट. एकोणतीसला जेवण आहे, तोवर द्यायचेत."

"तुझा व्हिसा रे, माठ्या!"

"त्या पोरांना त्यात श्वास घेता येत नाही दादा."

सरनाईकसाहेबांनी ऐकलं असावं. म्हणाले, "कागदाचं बघू. कमिटी आहे, प्रोसेस आहे. इन्शाल्ला." इथं इन्शाल्लाचे दोन प्रकार आहेत. एक खरा, आणि एक हा. वर हेही बजावलं की कॅम्पवर गेल्यावर सांगायचं, आम्ही गिल्डची टेक्निकल टीम. तोंड उघडायचं नाही. नागेशच्या बाबतीत ही अट फुकटच होती.

नागेशनं अठरा जणांची मापं नव्यानं घेतली. प्रत्येकाला म्हणायचा, "बजाओ." जवान वाजवायचा, नागेश छातीभोवती टेप धरून श्वास मोजायचा. सालेमसाहेब खुर्ची टाकून बघत बसले. एका पाइपरला नागेश म्हणाला, "तुम चोरी करता, पूरा साँस नहीं लेता." सालेमसाहेब गडगडाटी हसले. म्हणाले, "हबीबी, ये तो मैं दो साल से बोलता!"

मग पंधरा दिवस चाचांचं दुकान रात्रंदिवस हिरवं. हेरिटेजचे सतरा तुकडे झाले. शेवटच्या कोटाला तर कळी त्याच कोटाच्या खिशाच्या आतल्या झाकणातून काढली, कारण शोभेच्या कोटाला एका ठिकाणी गोंद लागला होता. पितळी पाटी त्यांनी कोटाच्या खालच्या कडेला गोंदानं चिकटवली होती. शिंप्यांच्या गिल्डनं, गोंदानं. असो.

एकोणतीसला दुबईच्या देरा भागातल्या एका हॉटेलात गिल्डचं वर्षाचं जेवण. नागेशलाही बोलावलं होतं, पाहुणा म्हणून नव्हे. सुईदोरा घेऊन किचनच्या दारामागं उभं राहायचं, एखादं बटण निघालं तर. माझी बस खाली पार्क होती, मी ट्रे नेणाऱ्या पोरांबरोबर वर आलो आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो. त्याला म्हटलं, "उद्या तीस तारीख." तो म्हणाला, "माहीत आहे."

बँड वाजला. अठरा छात्या फुगल्या, अठरा पिशव्या दाबल्या गेल्या, एक टाका हलला नाही. मला सुरांतलं काही कळत नाही, मी नुसत्या बगला बघत होतो.

सरनाईकसाहेब माइकवर गेले. "अवर मास्टर कटर्स, अवर ट्रॅडिशन, अवर बाँड विथ द युनिट." पंधरा मिनिटं. त्यात नागेश नव्हता. मग ढाल द्यायला सालेमसाहेब वर आले. या पलटणीची एक रीत आहे. ज्यानं काम केलं त्याच्या कोटाला बँडमास्टर स्वतः पलटणीचा बिल्ला लावतो. सरनाईकसाहेबांनी छाती पुढं केली. माप सावधानचंच.

सालेमसाहेबांनी बिल्ला हातात धरला आणि इकडंतिकडं बघितलं. "वो किधर है? जो बजाओ बोलता?"

"सर, ही इज जस्ट अवर हेल्पर."

"हेल्पर?" सालेमसाहेब माइकसमोर होते, ते त्यांच्या लक्षात नसावं. किंवा चांगलं लक्षात असावं. "तुम्हारा हेल्पर ऐसा है, तो तुम्हारा मास्टर ने पहला कोट क्यों ऐसा बनाया?"

हॉलमधे कुणाचा तरी चमचा पडला. मी नागेशला पाठीतून ढकललं. हो, मीच ढकललं, नाहीतर तो अजून तिथंच उभा असता. तो स्टेजवर गेला, शर्टाच्या बाहीत सुई खोचलेली तशीच. सालेमसाहेबांनी बिल्ला लावला. टाळ्या एवढ्या, की सरनाईकसाहेबांनाही वाजवाव्या लागल्या. मग ते हुशारीनं पुढं आले, आपली सोन्याच्या पाण्याची पिन काढली आणि म्हणाले, "टुनाइट वुई वेलकम हिम टू द गिल्ड!"

नागेशनं पिनेकडं बघितलं. मग माइकमधे, मराठीत, म्हणाला, "साहेब, पिन राहू द्या. मास्टरचा कागद द्या. उद्या तीस तारीख आहे, कारखान्यात दाखवायचाय."

मी त्याला एकतीस वर्षं ओळखतो. स्वतःसाठी एवढं लांब बोललेला पहिल्यांदा ऐकला.

सालेमसाहेबांनी विचारलं, "क्या बोलता?" कुणीतरी सांगितलं. ते सरनाईकसाहेबांकडं वळले आणि फार गोड आवाजात म्हणाले, "कल सुबह देता ना? मैं फोन करके पूछूँगा."

"ऑफ कोर्स, सर. कमिटी..."

"यल्ला, चलो, कमिटी तो इधर ही बैठा है."

कमिटी खरंच समोरच्या टेबलावर बसली होती, तोंडात कबाब. सगळ्यांनी माना हलवल्या. तीन वर्षं अडलेली प्रोसेस एका घासात झाली.

सकाळी आठला गिल्डच्या ऑफिसात आम्ही दोघं. मी नाइट ड्युटीवाल्याला विनंती करून शिफ्ट बदलून घेतली होती. काचेचं कपाट रिकामं होतं, कोटावरून काढलेली पाटी मात्र अजून तिथंच, नावासकट. सरनाईकसाहेबांनी कागदावर सही केली आणि तो टेबलावरून सरकवला, जेवल्यावर ताट सरकवतात तसा. नागेशनं कागद उचलला, खिडकीपाशी नेला, कापडाचा आडवा-उभा धागा बघतो तसा वरपासून खालपर्यंत वाचला. मी म्हटलं, "चल, कारखाना दहाला उघडतो."

तो परत टेबलापाशी आला आणि कागद साहेबांपुढं ठेवला.

"साहेब, शिक्का राहिला."

साहेबांनी खण उघडला, शिक्का शोधला, मारला. जरा फिका उठला.

नागेश जागचा हलला नाही. "अजून एकदा मारा," म्हणाला, "नीट."