धाकट्याचा दोरा

दोन कार्ब्युरेटरच्या गाडीचा सूर जुळवायचा तर नळीमास्तरांकडेच जावं, असं जुन्या गाड्यांची हौस असलेली मंडळी सांगत. मास्तरांची पद्धत साधी होती. रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि दुसरं कानात. पहिल्यातून हवा किती जोराने आत ओढली जाते ते ऐकायचं, मग दुसऱ्यातून. दोन्हीकडची सूं-सूं एकसारखी होईपर्यंत स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. नळी लावली की मास्तर डोळे मिटून घेत आणि अशा वेळी गिऱ्हाईक शिंकलं तरी त्याची धडगत नसे. हवेची ओढ मोजणारी, घड्याळासारख्या तबकडीची यंत्रं बाजारात येऊन किती वर्षं झाली, पण मास्तरांनी त्यांना दारात उभं केलं नाही.

कान तयार होता, हे खरंच. पण मास्तरांना स्वतःच्या कानाचं कौतुक जरा जास्तच होतं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

गॅरेज वडिलांचं. मास्तर आणि त्यांचा धाकटा भाऊ तिथेच लहानाचे मोठे झाले. वडिलांचा एक नियम होता. ज्या भागावर संशय असेल त्याला पांढरा दोरा बांधायचा. दोरा बांधला की बोलायची गरज नाही. ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा, आणि दुसऱ्याला त्या गाडीला हात लावायचाच असेल तर आधी दोरा कुठे आहे ते बघायचं. वडील मितभाषी होते, मुलगे त्यांच्या वरताण. कधीकधी दिवसभर गॅरेजमध्ये चार शब्द होत नसत आणि तरी काम बिनबोभाट चाले.

मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांत कार्ब्युरेटरच नाही. पेट्रोल किती फवारायचं हे एक पत्र्याची बंद पेटी ठरवणार, आणि इंजिन हवा किती ओढतंय याची खबर त्या पेटीला एक बोटाएवढी रबरी नळी देणार. मास्तरांना ऐकायला तिथे काही उरलंच नव्हतं. ‘‘पेटी उघडत नाही, स्क्रू फिरत नाही, हे इंजिन आहे का तिजोरी?’’ असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. धाकटा मात्र त्यात रमला. आकृत्या काढायचा, तारांना चिठ्ठ्या चिकटवायचा. गिऱ्हाइकं त्याला विचारत येऊ लागली. मास्तर वरवर हसत, पण आतून जळत. सख्ख्या भावाचा हेवा वाटतो हे कबूल करायला माणसाला अर्धं आयुष्य लागतं. मास्तरांना त्याहून जास्त लागलं.

ती गाडी डॉक्टरांची होती. इंजेक्शनची, पहिल्या काळातली. काळा धूर ओकायची, पेट्रोल ढोसायची आणि चौकात बंद पडायची. धाकट्याने दोन दिवस तिच्यात डोकं घातलं आणि तिसऱ्या दिवशी ‘‘येतो परवा’’ एवढंच बोलून परगावी गेला. त्याच संध्याकाळी डॉक्टर आले. चार माणसांदेखत म्हणाले, ‘‘मास्तर, हे तुमच्या हातचं काम नाही म्हणा. धाकटे येईपर्यंत थांबतो.’’

डॉक्टर बिचारे सरळ बोलले होते, पण मास्तरांना ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ब्लेड घेतलं, नळ्या सपासप कापल्या, तारा, पेटी, सगळं जाळं एका हिसक्यात उपसून पत्र्याच्या डब्यात कोंबलं आणि फळीवरचा एक कार्ब्युरेटर मधे लोखंडी पट्टी मारून बसवला. संध्याकाळी गाडी मांजरीसारखी गुरगुरत होती. डॉक्टरांनी पाठ थोपटली.

धाकटा परतला तेव्हा त्याच्या हातात दोन हात लांब नळी होती, आतून रबर, वरून कापडाची वीण, अस्सल माल. त्याने गाडीचं झाकण उचललं, आत बघितलं, झाकण लावलं. नळी टेबलावर ठेवली, एप्रन खुंटीला अडकवला आणि गेला. भांडण नाही, शब्द नाही. ‘‘बोलला असता तर मीही बोललो असतो,’’ असं मास्तर पुढे बायकोला सांगत. तिने एकदाच विचारलं, ‘‘अहो, मोठं कोण होतं?’’ त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. धाकट्याने पुन्हा पाना हातात धरला नाही. दूरच्या गावी एका शाळेच्या प्रयोगशाळेत तो काचेची भांडी धुतो, सामान मांडतो. दोघं भाऊ फक्त कुणी गेलं की फोन करतात.

गेल्या महिन्यात डॉक्टरांची मुलगी तीच गाडी घेऊन आली. वडील वारले होते. ‘‘मास्तर, ही कारखान्यातून निघाली तशी हवी आहे मला. बाबा नेहमी म्हणायचे, मी जरा थांबायला हवं होतं.’’

‘‘ते सामान केव्हाच भंगारात गेलं, बाई,’’ मास्तर म्हणाले.

घरी जेवताना मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा बायको उठली आणि तिने पलंगाखालून तो पत्र्याचा डबा ओढून काढला. ‘‘भाऊजींचं होतं. भंगारात कशी टाकू देईन?’’

मास्तरांनी डबा गॅरेजमध्ये नेला आणि टेबलावर उपडा केला. प्रत्येक तारेला धाकट्याच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी होती. मास्तर एकेक पुसून ओळीने मांडत गेले. ती बोटाएवढी नळी हातात आली तेव्हा तिच्या वळणाला खालच्या अंगाने काहीतरी काळं गुंडाळलेलं होतं. त्यांनी रॉकेलच्या फडक्याने चोळलं. दोरा निघाला. दोऱ्याखाली नखाएवढी चीर होती.

मास्तर स्टुलावर बसले. पेटी ठीक होती, सगळंच ठीक होतं. चिरेतून हवा शिरत होती, म्हणून पेटीला खोटी खबर जायची आणि ती बापडी पेट्रोल ओतत राहायची. वीतभर नळीचं काम. धाकटा ती आणायलाच गेला होता. मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी उठून गॅरेजचं दार लोटून घेतलं.

पुढचे आठ दिवस त्यांनी धाकट्याच्या चिठ्ठ्या वाचत सगळं जोडलं. नव्या नळ्या घातल्या, पट्टी काढली. नवव्या दिवशी दुपारी गाडी सुरू झाली. धूर नाही, वास नाही. मास्तरांनी फोन लावला.

‘‘दादा? कोण गेलं?’’

‘‘कोणी नाही रे. ऐक.’’ त्यांनी फोन इंजिनाजवळ धरला.

पलीकडे तो ऐकत राहिला. मग धाकटा हळूच म्हणाला, ‘‘डॉक्टरांची.’’

‘‘हो. इंजेक्शनवर आहे. तुझा दोरा सापडला मला.’’

‘‘सापडला म्हणजे? तू तेव्हा बघितलाच होतास ना?’’

आता हो म्हणणं सोपं होतं. मास्तरांच्या ओठापर्यंत ते आलंही.

‘‘नाही,’’ ते म्हणाले. ‘‘बघायचा असतो हे ठाऊक असून बघितला नाही. रागात होतो. न बघताच कापलं सगळं.’’

‘‘मला वाटलं, बघून कापलंस,’’ धाकटा म्हणाला. ‘‘म्हणून गेलो मी. म्हटलं, दादाला माझं कामच नकोय इथे.’’

‘‘चुकलो रे. ये ना, एकदा येऊन बघून जा.’’

‘‘येऊन काय करू? माझे हात विसरले सगळं. आता परीक्षानळ्या धुता येतात, बस.’’ मग त्याने विचारलं, ‘‘मी तेव्हा नळी आणली होती बघ. टेबलावर ठेवली होती. टाकलीस?’’

मास्तरांचा हात गळ्यात अडकवलेल्या नळीकडे गेला. धाकटा गेला त्याच महिन्यात ऐकायची जुनी नळी तडकली, तेव्हा टेबलावरची ही त्यांनी उचलली होती. टेबलावर पडलेलं ते गॅरेजचं, अशी मनाची समजूत घालून. वापरून वापरून तिची वीण गुळगुळीत झाली होती.

‘‘नाही टाकली. तीच तर कानाला लावतो. रोज.’’

‘‘सत्तावीस वर्षं?’’

‘‘हो.’’

‘‘आणि माझ्या नळीतून ऐकू काय यायचं रे तुला, दादा? नुसती इंजिनंच?’’

तिकडे शाळेची घंटा वाजली. ‘‘मुलं येतील, ठेवतो,’’ असं म्हणून धाकट्याने फोन ठेवला. इंजिन चालूच होतं. मास्तरांनी गळ्यातली नळी काढली आणि ते तिच्याकडे बघत उभे राहिले.