टिकिटाची अळी

मला झुरळाची फार भीती वाटते, अशी माझ्या सासरी आठ वर्षं ठाम समजूत होती. ती मीच मोठ्या मेहनतीनं पसरवली होती.

उमरखेडकडच्या खेड्यातून लग्न होऊन यवतमाळात आले, तर सासरचे सगळे पिढ्यान्‌पिढ्या कचेरीतले. शेजारच्या मास्तरीणबाई पाल दिसली की खुर्चीवर चढायच्या. मला वाटलं, शिकल्यासवरल्या बायांचं हेच लक्षण असावं. मग मीही चढायला लागले. जिनं बापाच्या वावरात कपाशीच्या पऱ्हाटीवरच्या अळ्या चिमटीत धरून चुरडण्यात सारं लहानपण घातलं, ती बया मोरीत झुरळ दिसलं की असं किंचाळायची की गल्ली गोळा व्हावी. सासूबाई चप्पल घेऊन धावत यायच्या. मी पदर तोंडाला लावून कोपऱ्यात उभी. पदराआड मी हसत होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

या नाटकात एक गडबड झाली. माझी मुलगी खरोखरीची भ्यायला शिकली. सात वर्षांची झाली तरी पायावर मुंगी चढली की रडून घर डोक्यावर घ्यायची. "आईवर गेली हो," सासूबाई कौतुकानं सांगायच्या.

त्या वर्षी एका शाळेच्या मैदानावर कीटकांचं प्रदर्शन आलं. तंबूवर पाटी होती : हात लावून पाहा. मुलीचा सगळा वर्ग जाऊन हात लावून आला होता, हीच एकटी दारातून रडत परतली. वर्गात तिचं नाव 'भित्री भागूबाई' पडलं. चार दिवस विचार करून तिनं मला अट घातली, "आई, पहिले तू हातावर घे. तू घेतली की मी बी घेईन."

नेमका तेव्हा माझा बाप फवारणीचं औषध न्यायला यवतमाळात आला होता. त्या साली बोंडअळी कोणत्याच औषधाला जुमानत नव्हती. जेवता जेवता त्यानं प्रदर्शनाची गोष्ट ऐकली अन् घास हातातच राहिला. "टिकिट काढून अळ्या पाह्यता? अवो, माह्या वावरात चाला. फुकट दाखवतो, वरून चहा पाजतो."

रविवारी आम्ही चौघं गेलो : सासूबाई, हे, मुलगी अन् मी. हे पेटीपेटीवरची चिठ्ठी कचेरीतल्या परिपत्रकासारखी मोठ्यानं वाचत होते. काडीसारखे किडे, पानासारखे किडे, शिंगवाला भुंगा. मुलीनं माझा हात घट्ट धरला होता, पण डोळे मिटले नव्हते. शेवटच्या टेबलावर प्रदर्शनातल्या बाईंनी पानावरची एक हिरवी अळी दाखवली. "एवढीच उरली. बाकीच्या कोशात गेल्या. मोठी झाली की रेशमाचा कोश करते. कोण घेतं?"

"माझी आई घेते," मुलगी म्हणाली. सगळा तंबू ऐकेल असं.

मी किंकाळीची तयारी ठेवलीच होती. सासूबाई शेजारी होत्या, थोडं घाबरून मग शूर व्हायचं असा बेत होता. बाईंनी अळी माझ्या तळहातावर ठेवली. ती गार होती, लुसलुशीत होती, अन् चालायला लागली. पुढचं मी केलं नाही. माझ्या अंगठ्यानं अन् बोटानं परस्पर केलं.

टच्च.

वर सवयीनं बोटं पदराला पुसली. ह्यांचं वाचन थांबलं. "अहो ताई, पाळलेली होती ती!" बाई ओरडल्या. सासूबाईंनी माझ्या पदराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सूनबाई, हात चांगला बसलेला दिसते तुमचा. उद्यापासून मोरीतली झुरळं तुमच्याकडे."

ते सोसलं असतं. पण मुलगी माझ्याकडे वर पाहत होती.

"तू भेतच नाही?"

मी पदराचा डाग मुठीत दडवला.

"मंग मले काहून भेववलं?"

तीन दिवस ती माझ्या हातची पोळी खाईना. आजीकडून वेणी घालून घेई. चौथ्या दिवशी म्हणाली, "मला माझी अळी पाहिजे. जिवंत."

एस.टी.नं माहेरी गेलो. बापानं नातीला एका झाडाशी उभं केलं. "घे माय, पाह्यजे तेवढ्या घे. याच्यात आपल्याले काही कमी नाही." तिनं लांबूनच एक बोंड दाखवलं. बापानं काचेच्या बरणीत थोडी माती टाकून ते अळीसकट आत घातलं, झाकणाला भोकं पाडली.

बरणी खिडकीत राहिली. मला खिडकीजवळ जायची बंदी होती. अन् ज्यानं हंगामभर पाठीवर फवारणीचा पंप वाहिला, तो माझा बाप गावच्या माणसाबरोबर कवळी बोंडं निवडून पाठवायला लागला. सोबत निरोप : एवढ्या लाडानं तं तुले बी नव्हतं वाढवलं.

अळी पोसली, बरणीतल्या मातीत शिरली. पंधरा दिवसांनी सकाळी मुलीची हाक आली. मातकट रंगाचं एक पाखरू झाकणाला आतून चिकटलं होतं. तिनं झाकण उघडलं, ओठ दातात धरले अन् स्वतःचा तळहात पुढे केला. पाखरू त्यावर चढलं. पोरीनं हात हलवला नाही. मग म्हणाली, "आई, आता तू."

मागं सासूबाई सवयीनं चप्पल घेऊन उभ्या. पाखरू माझ्या हातावर आलं. अंगठा उठलाच. मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला, घट्ट, पोराला जत्रेत धरावं तसा. पाखरानं पंख झटकले अन् ते खिडकीतून गेलं.

"मेलं नाही," मुलगी म्हणाली. त्या दिवशी तिनं वेणी माझ्याकडून घालून घेतली.

बापाला पुढच्या भेटीत मी हे सगळं मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "अन् आता कोणाच्या वावरात गेलं, ते इचारलं का त्याले?"