माझ्या नावची मूठ

सोमा, वाघबारसेच्या दिवशी मी सूर्यमाळ सोडलं ते तुला आठवत असेल. शिवेवरच्या वाघोबापुढे रानात जाणारा प्रत्येक गडी नव्या नागलीची मूठ टाकत होता आणि मी हात मागे बांधून उभा होतो. नाशिकच्या मिशनात बाप्तिस्मा घेऊन आलो होतो, दगडापुढे दाणा टाकणार कसा? एकाची मूठ चुकली तर वाघ अख्ख्या पाड्याची गुरं नेतो, म्हणून पाड्याने मला जायला सांगितलं.

आपला बा ओढ्यापर्यंत सोबत आला. म्हणाला, "तुझा देव पुस्तकात बोलतो म्हनं, आमचा भगताच्या दाण्यांत. मी दोघांचाबी आवाज आयकला नाय. पन रानाचा मालक कोन, तो मना ठावा हाये. रान सोडल्यालाबी तो सोडत नाय." मी हसलो. नव्या धर्माची ऐट होती.

आता मी इथे नाशिकच्या मिशनात उपदेशक आहे. अंगात कोट, सकाळी चहा, घंटा झाली की प्रार्थना. मी शिकवतो की माणसाने शोधून देव सापडत नाही, तो स्वतः होऊन प्रकट होतो, बोलतो, करार करतो. कराराचा धनी तोच, अटी आपण घालायच्या नसतात. हे शिकवताना मला खरंच धीर येतो. तिकडे ताप आला तरी भगताच्या सुपातल्या दाण्यांकडे बघत बसायचं आणि उत्तर यायचं ते भीतीचंच.

मग गेल्या हिवाळ्यात तू आलास. चहाला शिवला नाहीस. भिंतीला टेकून सांगितलंस की मी गेल्यापासून बा दर वाघबारसेला दोन मुठी टाकायचा, एक त्याची, एक माझी. त्या वर्षी पाऊस गेला, नागली करपली, हातात एकच मूठ उरली. ती त्याने माझ्या नावाने टाकली. लोक ओरडले, तर म्हणाला, "माझा मी बघीन." पुढे तो कंद खणायला रानात गेला आणि तिथेच पडला. वाघोबाने आपलं नेलं, असं पाडा म्हणतो. वाघ कसला, बा उपाशी होता.

मी पाद्रीसाहेबांना विचारलं, बा कुठे असेल? ते हळू आवाजात म्हणाले, ज्याने ऐकून नाकारलं तो कराराबाहेर. साहेब माणूस वाईट नाहीत, पण हेच मलाही शिकवावं लागतं. रविवारी मी उभा राहून सांगतो की एकाने दुसऱ्याच्या जागी स्वतःला दिलं. लोक आमेन म्हणतात. मला त्या वेळी बाचा नागलीने भरलेला हात दिसतो आणि पुढचं वाक्य सुचत नाही.

इथले लोक विचारतात, घर कुठलं? मी जव्हार संस्थान सांगतो. खरं घर शिवेवरच्या त्या दगडापाशी राहिलं. हे लिहिणं उपदेशकाला शोभत नाही, पण यंदा बाच्या नावाने एक मूठ टाक, सोमा. त्याची राहिली आहे, आणि मला टाकता येत नाही.