गेला म्हंजे कुठं गेला

वैनी गेल्याचा फोन आला तवा मी पलूसला सुनंसंगं मेथी निवडत बसले व्हते. फोन माझ्या माहेरच्या गावातनं, साताऱ्याकडनं. तिथली पोरं-पोरी फौजेच्या न् पोलिसाच्या भरतीसाठी पळायचा सराव करत्यात, त्यातल्याच एका पोरीचा. म्हणली, "आत्या, काकी गेल्या." आन माझ्या तोंडातनं निघालं, "कुठं गेल्या?" सून माझ्याकडं बघायला लागली. पोरगी तिकडं रडतीय आन मी इचारतीय, कुठं गेल्या... काय करायचं, आमच्या घरात त्यो शबूद असाच हाय. कुणी गेलं म्हणलं की इचारावं लागतं.

म्हयना उलटून गेला आता. मला लिवता येत न्हाई, दुसरीतच शाळा सुटली. मी फोनवर सांगती आन नात लिवती.

वैनीचं नाव इंदूबाई. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, बायको. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. ज्या घरातलं कुणी भरती झालं न्हाई त्या घरात पोरगी द्यायला लोकं कचरत्यात. दादाला जायाचं नव्हतं. त्येचा जीव बैलांवर, त्यांच्याशीच बोलत बसायचा. आमच्या आबांनी, म्हंजे वडलांनी, त्येला ढकलला. मग लगीन झालं, आन एकदा सुट्टीवर आला त्यो परत गेलाच न्हाई. भरलेली ट्रंक दारात तशीच ऱ्हायली. फौजेची माणसं इचारायला आली तवा दादा उसात लपलेला, वैनी उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन सांगतीय, घरी न्हाईत, आन आबा आत भिताडाकडं तोंड करून बसलेलं. पुढं एके सकाळी दादा उठला, वैनीला म्हणला, "जाऊन येतो." त्यो आला न्हाई. जिता हाय का न्हाई, आजपत्तूर कुणाला ठावं न्हाई.

लोकं इचारायची, पोरगा कुठाय? आबा म्हणायचं, "गेला." एवढंच. खोटं बोललं न्हाईत आन खरं बी बोललं न्हाईत. फौजी माणूस गेला म्हणल्यावर लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. ज्या म्हाताऱ्यांना खरं ठावं व्हतं ती गप बसली, तेंची बी पोरं फौजेतच. पर मग गेलेल्याची बायको कुंकू लावून कशी हिंडंल? आबांनी वैनीला सांगितलं, पूस. बांगड्या मी उतरवल्या. वैनी रडली न्हाई. "वन्सं, फोडू नका," म्हणली, "ठेवून द्या. तेनी आलं म्हंजे लागतील." मी त्या तिच्या म्होरंच दगडावर फोडल्या. आबा बघत व्हतं ना. माझं हात जरासुदिक थरथरलं न्हाईत, ह्येची लाज मला आता ह्या वयात वाटती.

तिला ना पेन्शन ना काय. दुसऱ्याच्या उसात भांगलायला जायाची. गिरणीवर बायका टोचायच्या, "काय गं इंदे, सरकारचं पैसं घरात दडवतीस आन हितं खुरपं घेऊन फिरतीस? लय हाव बाई तुला!" वैनी हसून म्हणायची, "सरकार इसरलं बघा मला." आन पिठाचा डबा डोईवर घेऊन चालायला लागायची.

पोरांचं कसं सुरू झालं ते तिनंच मला सांगितलेलं. पाटाच्या रस्त्यानं पोरं रिकाम्या पोटी पळायची. एक पोरगं तिच्या दारात भोवळ येऊन पडलं. तिनं त्येला गूळ-शेंगदाणं दिलं, तर दुसऱ्या दिवशी ते आणखी दोघांना घेऊन हजर. मग तिनं रोज हरभरं भिजत घालायला सुरवात केली. पोरी यायला लागल्या, तवा कापडं बदलायला तेंना आपली खोली दिली आन सोता खराटा घेऊन दारात बसली. तोंड मातर फटकळ. "आरं, गाभण म्हस तुझ्या म्होरं जाईल, उचल की पाय!" पर ज्येचं भरतीत झालं न्हाई, न्हाईतर जे ट्रेनिंगमधनं परत आलं, त्येला ती आदी वाढायची. म्हणायची, "ह्येला घरात कुणी ज्येव म्हणायचं न्हाई." कुणापायी म्हणती, ते मला कळायचं. मी खाली बघायचे.

मागं साताऱ्यातल्या एका क्लबानं सत्कार ठेवला, गावागावांत तरण्या पोरांना आधार देणाऱ्या माणसांचा. क्लबाची माणसं चौकशीला आली तवा मी माहेरी व्हते, वैनी रानात. भितीवर दादाचा वर्दीतला फोटू, त्येला हार. एक सायब म्हणलं, "हे बाईंचे मिस्टर का? सैन्यात होते?" म्हणलं, "व्हय." "मग आता...?" मी म्हणलं, "गेलं." आबांचाच शबूद, आबा मरून वर्सं झाली तरी माझ्या तोंडात आपसूक आला. सायबांनी पायातलं बूट काढलं आन फोटूला हात जोडलं. मी गप ऱ्हायले.

सत्काराला वैनीला हाताला धरून मीच वर नेली. माईकवरची बाई म्हणली, "आता येत आहेत वीरपत्नी इंदूबाई!" आन सगळं सभागृह उभं ऱ्हायलं. म्हातारी माणसं काठी टेकून उठली. वैनीनं मला इचारलं, "ही समदी का उठली?" मी कानात सांगितलं, सायबांना मी 'गेलं' म्हणले ते. तिनं माझ्याकडं जे बघितलं... मी तिचा पदर वढला. "वैनी, नगं. शाल घ्या आन चला. आबांचं नाव हाय." तिनं माईक घेतला, उलटा धरला, त्या बाईनं सुलटा करून दिला.

"बसा समदी खाली," वैनी म्हणली. "आमचं मालक गेलं म्हंजे मेलं न्हाईत. फौजेतनं पळून आलं, आन मग घरातनं बी गेलं. जिचा खरंच गेलाय तिच्यासाठी उठा. मला हरभऱ्याचं काय द्यायचं आसंल तर द्या, न्हाईतर मी जाती."

कुणी टाळी वाजवली न्हाई. मागं कोणतरी हसलं. शाल कशीबशी तिच्या खांद्यावर टाकली, नारळ दिला. मी माझ्या चपलांकडं बघत उभी. आमच्या घरची लाज पार साताऱ्यात, माईकवर.

येष्टीत मी तिच्याशी बोलले न्हाई. निम्म्या वाटंत ऱ्हाववलं न्हाई, म्हणलं, "आबांचं नाव घालवलंसा." ती खिडकीतनं भाईर बघत व्हती. म्हणली, "वन्सं, ही लाज तुमच्या घरची. सून म्हणून मी लय वर्सं वागवली. आता तुमची तुमी घ्या. माझं हात भरून आलं."

घरात शिरल्या शिरल्या तिनं फोटूचा हार काढला. मग हरभरं भिजत घातलं, रोजच्या येवढंच. पर जीव थाऱ्यावर नव्हता तिचा. सारखी इचारायची, "येतील का हो पोरं?" गावात बातमी आदीच पोचली व्हती, सकाळी निम्मीच आली. एका आईनं तर रस्त्यात ऐकवलं, "पळपुट्याच्या घरचं खाऊन माझं पोरगं बी पाठ दाखवंल." हरभरं वैनीनं कमी केलं न्हाईत, उरलेलं शेरडांना घालायची. काय पोरं म्हागारी आली, काय आलीच न्हाईत. ती जाईपत्तूर तसंच चाललं.

तिचं दिवसपाणी झालं, तवापासनं मी हितंच हाय, तिच्या घरात. पोरं येत्यात, कोणतरी वाढायला पायजे. परवा एक नवी पोरगी आली. घामानं भिजलेली, दम लागलेला. म्हणली, "आजी, तुमी काकींच्या कोण?"

"नणंद."

"म्हंजे ते... त्या फौजीच्या..."

पुढचं तिला इचारवंना. बाकीची पोरं खायची थांबली. मला वाटलं, म्हणावं, गेला बाई त्यो. जिभंवर आलंच व्हतं.

"व्हय," म्हणलं. "पळून आलेला, त्योच. त्येची भण मी."

माझं तोंड तापलं, कानापत्तूर. पोरीनं वाटी म्होरं केली.

"आजी, गूळ घाला की वाईच."