मिशाळ माशांची मावशी

बोंबील भाजायला घेतले की मावशी आधी माशांच्या टाकीवर जुनं लुगडं टाकायच्या. "त्यांना कशाला दाखवायचं?" असं म्हणायच्या, आणि जेवणं आटोपली की टाकीतल्या माशांना दुधीची चकती घालायच्या. डहाणूकडच्या किनाऱ्यावर त्या वाढलेल्या. माहेरी मासा हातात यायचा तो कापायला नाहीतर विकायला. सिल्वासात येऊन त्यांनी तो पाळला.

नव्वदच्या सुमारास लग्न होऊन मी नाशिकहून सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या कॉलनीत आले, तेव्हा त्यांचं दार आमच्या समोर होतं. त्यांचे यजमान एका कारखान्यात बॉयलरवर, माझे सुताच्या कारखान्यात, दोघांनाही शिफ्ट. जिन्यात गुजराती नाहीतर हिंदी ऐकू यायची. मराठी ऐकायची तर मावशींकडे जायचं. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "ए नाशिकवाले, ये गो, बघ काय झालंय!"

झालेलं असायचं ते टाकीत. काचेला तोंड लावून शेवाळ खाणारे सकर मासे तेव्हा पुष्कळांकडे असत, पण ते वाढून हातभर होत. मावशींनी वापीच्या दुकानातून आणलेली जात बोटाएवढीच राहायची, आणि त्यातल्या काहींच्या तोंडावर चक्क मिशा उगवायच्या. यांची पिल्लं घरात काढायचीच, असा त्यांनी ध्यास घेतला होता. नळाच्या कामातून उरलेला पाइपचा तुकडा त्यांनी टाकीत ठेवला, आणि एका सकाळी आत नारिंगी अंड्यांचा घोस दिसला. एक मिशीवाला त्याच्यापाशी बसून परांनी सारखं पाणी हलवत होता.

मावशी त्याला 'बाळंतीण' म्हणू लागल्या. कौतुकाने दुकानदाराला सांगायला गेल्या तर तो हसला. मिशा नराच्या, म्हणाला. मादी अंडी घालून निघून जाते, सांभाळतो तो बाप. घरी येऊन मावशी टाकीसमोर पाट ओढून बसल्या.

"माझा बाप दर्यावर गेला, तो दुसऱ्याच बंदराला लागला गो," त्या म्हणाल्या. "आईनं मासळीची टोपली उचलली. आणि हा बघ, खायलासुद्धा उठत नाही."

ती अंडी फुटायच्या आतच, ऐन मे महिन्यात, एका दुपारी लाइट गेली. मी त्या दिवशी बॅग भरून निघाले होते, कायमची. मावशींकडे किल्ली ठेवायला गेले तर हवेचा पंप बंद पडलेला, आणि त्या टाकीतलंच पाणी तांब्यात घेऊन उंचावरून पुन्हा टाकीत सोडत होत्या. त्यांनी माझी बॅग पाहिली.

"जायचं तर जा, मी अडवत नाही. पण आधी हा तांब्या धर. माझा हात भरून आला."

मी ओतायला लागले आणि बोलायलाही. नवरा येतो, जेवतो, झोपतो; इथली भाषा माझी नाही; दिवसभर मला कुणी काही विचारत नाही. मावशी एवढंच म्हणत राहिल्या, "ओत. बोलत बोलत ओत." मिशीवाला जागचा हलला नाही. दिवेलागणीला पंप पुन्हा बुडबुडू लागला, तोवर बस गेली होती. "बस उद्याही आहे," म्हणत त्यांनी मला भात वाढला. मला शोधत नवरा आला, तर त्यालाही बसवलं. "तुझी बायको बोलायला माणूस शोधते, ठाऊक आहे का तुला?" जेवून उठताना त्याने माझी बॅग उचलून घरात नेली. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही.

पिल्लं तिळासारखी काचेला चिकटली. मावशींनी ती जॅमच्या बाटल्यांतून सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटली.

पुढे कारखान्यांच्या करसवलती संपल्या, मावशींच्या यजमानांचा कारखाना मालकाने बंद केला. मावशी गावी निघाल्या. टेम्पोत पुढे बसल्या, मांडीवर माशांनी भरलेली दुधाची किटली. "येत जा गो," म्हणाल्या. भेटी ठरत राहिल्या, मोडत राहिल्या. एक दिवस त्या गेल्याचंच कळलं.

आता आम्ही पुण्यात असतो. मध्यंतरी एका लग्नाला सिल्वासाला गेले होते, तेव्हा पाय आपोआप टोकरखाड्याकडे वळले. जिना चढून मी त्या दाराची बेल वाजवली. एका अनोळखी मुलीने दार उघडलं. "कोनुं काम छे?"

कुणाकडे काम आहे म्हणून सांगणार? "थोडं पाणी मिळेल?" मी विचारलं. तिने आत बोलावून खुर्ची दिली. भिंतींचा रंग बदलला होता, खिडकी तीच होती. ते पाणी मी घोट घोट करत, जमेल तितकं सावकाश प्यायले.